वाचकांचे प्रश्न : आजी-माजी महिला सरपंचांचा स्नेहमेळावा

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. ज्या स्त्रियांनी गावचे सरपंचपद सांभाळले आणि ज्या आज ते सांभाळत आहेत, त्यांनी तालुक्याच्या पातळीवर पुन्हा एकत्र यावे, अशी इच्छा राज्याच्या वेगवेगळ्या भागांतील वाचकांनी कळवली आहे, आणि काही ठिकाणी तयारीही सुरू झालेली दिसते. म्हणून या खेपेचे सदर याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे व गावे छापलेली नाहीत, आणि पत्रे जागेअभावी थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका गावाची पाच वर्षे सरपंच होते. त्या काळात तालुक्यातील आम्ही पंधरा-वीस जणी प्रशिक्षणाला बरोबर जात होतो आणि अडचण आली की एकमेकींना फोन करीत होतो. मुदत संपली, आरक्षण बदलले आणि सगळ्या पांगल्या. आता आजी-माजी महिला सरपंचांचा मेळावा घ्यायचे ठरले आहे. कार्यक्रमपत्रिका लिहायला बसलो, तर तिच्यात दीपप्रज्वलन, पाहुण्यांचे स्वागत, सत्कार, मार्गदर्शन आणि भोजन एवढेच आले. यापेक्षा वेगळे काय करता येईल?

उत्तर : ताई, आपल्या मैत्रिणींची ही पांगापांग कोणाच्या आळसामुळे झालेली नाही. 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी अमलात आली आणि पंचायतींमधील किमान एक तृतीयांश जागा व पदे स्त्रियांसाठी राखून ठेवणे बंधनकारक झाले. महाराष्ट्राने 2011 मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. मात्र सरपंचपदाचे आरक्षण एका गावात कायम राहत नाही, ते सोडतीने फिरते. या खेपेस महिला राखीव असलेले गाव पुढच्या खेपेस खुले झाले की, आता पद पुरुषांकडे परत आले, असे गाव धरून चालते. कायदा तसे मुळीच म्हणत नाही, कारण खुल्या जागेवर स्त्रीला उभे राहता येते आणि राखीव जागांचे प्रमाण ही किमान मर्यादा आहे. तरीही प्रत्यक्षात बहुतेकींना एकच खेप मिळते. पहिले वर्ष-दीड वर्ष कामकाज समजून घेण्यात जाते, कामावर हात बसतो न बसतो तोच मुदत संपते, आणि मग ज्या बाईने पाणीयोजनेच्या ठेकेदाराशी तीन उन्हाळे भांडून पाणी आणले, ती घरी बसते, तर शेजारच्या गावात नव्याने निवडून आलेली सरपंच त्याच ठेकेदाराशी पहिल्यापासून भांडायला लागते. आपल्या मेळाव्याने या दोघींची गाठ घालून दिली पाहिजे. बाकी सगळे त्यानंतरचे, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून पहिली सूचना अशी की सकाळच्या सत्रात व्यासपीठच नको. सतरंज्या घालाव्यात आणि विषयानुसार गोल करून बसावे : एकीकडे पाणी, एकीकडे हिशेब व निधी, एकीकडे अतिक्रमण व जागांचे वाद, एकीकडे दारू. प्रत्येक गोलात निम्म्या माजी आणि निम्म्या आजी सरपंच असतील असे पाहावे, आणि बोलायला सुरुवात आजी सरपंचांनी करावी. माजी सरपंचांनी आधी ऐकावे. हा क्रम उलटा झाला तर आठवणींची भाषणे सुरू होतात आणि नव्या मुली माना डोलावत बसतात.

हिशेबाच्या गोलात कोणत्या गोष्टी निघाव्यात, ते उदाहरणाने सांगते, कारण खरे ज्ञान अशाच बारकाव्यांत असते. ग्रामपंचायतीचे प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेतील ठरावांची नोंदवही, अनेक गावांत अजूनही शिपायाबरोबर सरपंचबाईंच्या घरी सहीसाठी येते. चुलीवर भाजी असते, शिपाई दारात उभा असतो, ‘बाई, एवढी सही करा, तालुक्याला जायचंय’ असे म्हणतो, आणि बाई ओला हात पदराला पुसून सही करतात. त्या पानावर शेवटचा ठराव आणि सहीची जागा यांच्यामध्ये चार-पाच ओळी कोऱ्या सोडलेल्या असतात. त्या ओळींत नंतर काय लिहिले गेले, हे बाईंना कळते तेव्हा चौकशीचे पत्र आलेले असते. पाच वर्षे काढलेली सरपंच नवीन सरपंचाला काय सांगेल? ‘सही सभेतच करायची, घरी नाही, शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारायची आणि रेघेला लागून सही करायची.’ हे वाक्य प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत सापडेलच असे नाही. ते ठेच लागलेल्या बाईकडूनच मिळते.

आता सहीचे दुसरे रूप आले आहे. वित्त आयोगाच्या निधीतून होणारी देयके ई-ग्रामस्वराज प्रणालीवरून ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, आणि सरपंच यांच्या डिजिटल सह्यांनी जातात. ही सही एका छोट्या डोंगलमध्ये असते. ते डोंगल कोठे असते, हा प्रश्न मेळाव्यात प्रत्येकीला विचारावा. ‘ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये’ किंवा ‘मिस्टरांच्या बॅगेत’ असे उत्तर बऱ्याच जणींकडून येईल, आणि त्याचा अर्थ असा की सही केलेला कोरा चेक दुसऱ्याच्या खिशात आहे. डोंगल स्वतःजवळ ठेवणे, पासवर्ड कोणाला न सांगणे आणि प्रत्येक देयकाआधी मोजमाप पुस्तक व कामाचे फोटो पाहणे, एवढे जरी सगळ्यांनी ठरवले तरी मेळावा सार्थकी लागला. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीपैकी 60 टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बंधित आणि 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेनुसार वापरायची, होती. हे प्रमाण ज्या सरपंचाला तोंडपाठ होते, तिला ‘या हेडमधून ते काम बसत नाही’ असे सांगून कोणी सहज परतवू शकत नव्हते. पुण्याच्या यशदासारख्या संस्थेकडून आणि तिच्या प्रशिक्षकांकडून नियम शिकायला मिळतात आणि ते अवश्य शिकावेत; पण नियम दाखवल्यावर समोरचा माणूस काय उत्तर देतो आणि त्यावर आपण काय म्हणायचे, हे जिने ते प्रसंग काढले आहेत तीच सांगू शकते.

दारूच्या गोलात ‘आडवी बाटली’ची, म्हणजे दारूदुकान बंद करण्यासाठी होणाऱ्या मतदानाची, माहिती असलेली एखादी माजी सरपंच असावीच. गावातील दारूदुकान बंद करण्यासाठी महिला मतदारांपैकी 25 टक्के जणींनी सह्यांनिशी मागणी केली की मतदान घेतले जाते, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होते. यातला अवघड भाग असा की मोजणी झालेल्या मतदानावर होत नाही, यादीतील एकूण महिला मतदारांवर होते. सासरी गेलेल्या, कामासाठी मुंबई-पुण्याला राहणाऱ्या, इतकेच काय, मयत झालेल्या पण यादीत नाव राहिलेल्या स्त्रियासुद्धा त्या आकड्यात धरल्या जातात. म्हणून सह्यांच्या मोहिमेआधी मतदार यादी दुरुस्त करून घ्यावी लागते. ज्या गावात हे मतदान थोडक्यात हुकले असेल, तेथील माजी सरपंचाला आवर्जून बोलवा. ती जिंकलेल्या गावापेक्षा जास्त शिकवेल.

दुपारनंतर एक काम लेखी करावे. तालुक्यात आजवर कोणत्या गावात कोण स्त्री सरपंच होती, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, आणि तिच्या काळात झालेले एक ठळक काम व एक अपुरे राहिलेले काम कोणते, याची वही करावी. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सरपंचांच्या नावांचा फलक असतो. त्यावर कित्येक ठिकाणी बाईंचे नाव लहान आणि ‘सौ.’च्या पाठोपाठ नवऱ्याचे नाव ठसठशीत, असे रंगवलेले मी पाहिले आहे. एका गावात तर बाईंच्या नावाची जागा सोडून पुढचे नाव लिहिले होते आणि विचारल्यावर ‘त्या वेळी पेंटर आला नव्हता’ असे सांगितले गेले. आपल्या वहीत प्रत्येकीचे स्वतःचे नाव पूर्ण आणि नीट लिहिलेले असू द्या, आणि वहीची एक प्रत पंचायत समितीच्या कार्यालयात द्या.

पुढे काय, हेही त्याच दिवशी ठरवावे. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी गावातील स्त्रियांची स्वतंत्र सभा घेणे आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्याने बंधनकारक केले आहे. ती महिला ग्रामसभा अनेक गावांत अंगणवाडीच्या ओट्यावर दहा मिनिटांत, नुसत्या सह्या घेऊन उरकली जाते. पद गेले तरी माजी सरपंच ग्रामसभेची सदस्य असतेच. तिने आपल्या गावच्या महिला ग्रामसभेला जायचे, दहा जणींना घेऊन जायचे आणि किमान एक लेखी मागणी मुख्य ग्रामसभेकडे पाठवायची, एवढा एकच निर्णय मेळाव्याने घेतला तरी वर्षभर पुरेल इतके काम हातात येते.

सत्कार करायचाच असेल तर जेवणाच्या आधी, सगळ्यांचा एकत्र, पाच मिनिटांत करावा.

प्रश्न : मी सध्या सरपंच आहे. माझे पती समजूतदार आहेत, पण तालुक्याच्या प्रत्येक बैठकीला तेच मला गाडीवरून नेतात आणि आत येऊन शेजारी बसतात. मेळाव्यालाही ते येणारच. इतर जणींचेही तसेच आहे. ‘पतींना प्रवेश नाही’ असे पत्रिकेवर छापले तर घरोघर भांडणे होतील आणि निम्म्या जणी येणारच नाहीत. काय करावे?

उत्तर : आपली अडचण खरी आहे आणि तिच्याकडे तुच्छतेने पाहणाऱ्यांना गावाची माहिती नाही. शेवटची बस लवकर जाते, वाडीपर्यंत रस्ता अंधारा असतो आणि स्वतःची गाडी चालवणाऱ्या सरपंच अजून थोड्या आहेत, तेव्हा सोबत कोणी येणे गैर नाही. गैर आहे ते शेजारी बसणे, कारण नवरा शेजारी बसला की प्रश्न त्याला विचारला जातो आणि उत्तरही तोच देतो. सरपंचपतींचा हा कारभार थांबवण्याविषयी पंतप्रधानांनी 2015 च्या पंचायती राज दिनी जाहीर आवाहन केले होते आणि केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने 2023 मध्ये त्यासाठी समितीही नेमली. म्हणजे हा काही आपल्या एकटीच्या घरचा प्रश्न नाही.

पत्रिकेवर मनाई छापू नका. पतींसाठी जवळच वेगळी जागा ठेवा, चहा-पाणी व जेवणाची तेथेच सोय करा, आणि जमल्यास त्यांच्यासाठीही एक विषय ठेवा. पत्नी सरपंच असताना घरातील कोणती कामे कोणी करावीत, मासिक सभेच्या दिवशी स्वयंपाक कोण करणार, रात्री दारावर येणाऱ्या लोकांना ‘बाई उद्या कार्यालयात भेटतील’ असे कोण सांगणार, यावर एखाद्या माजी सरपंचाच्या पतीने बोलावे. असे पुरुष प्रत्येक तालुक्यात आहेत. बायकोला अर्ज वाचता यावेत म्हणून रोज रात्री शेजारी बसून वाचन घेणारा आणि सभेच्या वेळी मात्र पंचायतीच्या दारातून परत फिरणारा एक शेतकरी मी जवळून पाहिला आहे. त्याच्यासारख्या माणसाचे चार शब्द इतर पुरुषांच्या मनात आमच्या सगळ्या लेखांपेक्षा लवकर उतरतील.

सभागृहाच्या दाराशी मात्र एखादी ठाम बाई उभी करा, आणि नावनोंदणी प्रत्येक सरपंचाने स्वतःच्या हाताने करावी, असा नियम ठेवा. आत पुरुष नसले की पहिली पंधरा-वीस मिनिटे शांततेत जातात. ती शांतता भरून काढण्यासाठी माइक घेऊ नका. थोड्या वेळाने कोणी तरी बोलायला लागते.

प्रश्न : माझ्यावर अविश्वास ठराव आणून मला पदावरून काढण्यात आले. नऊपैकी सात सदस्यांनी हात वर केले, त्यांत दोन स्त्रियाही होत्या. आज बारा वर्षे झाली. तालुक्यात मेळावा होणार असल्याचा निरोप आला आहे. ज्यांनी मुदत पूर्ण केली त्यांच्यात जाऊन बसायला मला संकोच वाटतो. मी जावे का?

उत्तर : आपण जावेच. आपल्यासाठी हे उत्तर थोडे विस्ताराने देते.

सरपंचपद महिला राखीव असेल तर अविश्वास ठराव मंजूर होण्यासाठी साध्या बहुमताने भागत नाही, एकूण सदस्यांच्या तीन चतुर्थांश मते लागतात. नऊ सदस्यांच्या पंचायतीत हा आकडा सात होतो, आणि आपल्या विरोधात बरोबर सात मते पडली. सात जणांना एका बाजूला आणण्यासाठी कोणाला तरी बरेच दिवस खपावे लागले असणार. कायद्याने हा उंबरठा उंच ठेवला, कारण नव्याने आलेल्या स्त्रियांना पद सांभाळू दिले जाणार नाही, ही भीती खरी होती. सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत 2017 मध्ये आली, 2020 मध्ये रद्द झाली आणि 2022 मध्ये पुन्हा आली. थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्धचा ठराव सदस्यांनी मंजूर केला तरी तो ग्रामसभेपुढे जातो. आपल्या वेळी ही सोय नव्हती. गावाला विचारले असते तर गाव काय म्हणाले असते, हा प्रश्न आपल्या मनात इतकी वर्षे असेल, याची मला कल्पना आहे.

आपल्या मार्गापेक्षा वेगळ्या मार्गाने, म्हणजे अपात्रतेच्या तक्रारीने पद गेलेल्या एका सरपंचांचे प्रकरण येथे सांगितले पाहिजे. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा येथील महिला सरपंचांविरुद्ध गावातील काही जणांनी तक्रार केली की त्या सासूबरोबर सरकारी जागेवरील घरात राहतात. आपण पती व मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही त्या अपात्र ठरल्या, वरच्या अधिकाऱ्यांकडे व उच्च न्यायालयातही त्यांना दाद मिळाली नाही. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि सप्टेंबर 2024 मध्ये न्यायालयाने तो अपात्रतेचा आदेश रद्द केला. एक स्त्री सरपंच म्हणून निवडून आली, तिने निर्णय घ्यावेत आणि आपण ते मानावेत, हे गावकऱ्यांना पचले नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. लोकनियुक्त स्त्रीला इतक्या हलक्या कारणाने काढण्याविषयी त्याने अधिकाऱ्यांना सुनावलेही. पदावरून काढलेली प्रत्येक स्त्री निर्दोष असते, असे मी म्हणत नाही. पद गेले म्हणून ती दोषी ठरली असे होत नाही, हे मात्र या निकालावरून निश्चित म्हणता येते.

आता त्या दोन स्त्रियांविषयी, कारण पत्रातील सर्वांत दुखरी ओळ तीच आहे. त्या मेळाव्यात येण्याची शक्यता आहे. त्यांच्या घरात त्या वेळी काय बोलले गेले, हात वर केला नसता तर त्यांचे काय झाले असते, हे आपणांस माहीत नाही, आणि कदाचित त्या स्वतःहून सांगणारही नाहीत. त्यांना क्षमा करा असा उपदेश मी करणार नाही. तो अधिकार आपला आहे आणि घाई कसलीच नाही. त्यांच्या गोलात बसायचे नसेल तर दुसऱ्या गोलात बसा. परंतु त्या येतील म्हणून आपण घरी राहिलात, तर सभागृहातील सर्वांत उपयोगी अनुभव बाहेर राहील. ठरावाची नोटीस आल्यापासून सभेच्या दिवसापर्यंत काय काय घडले, नोटीस कोणी व कशी बजावली, कोणते कागद आपल्याजवळ असायला हवे होते, कोणाकडे दाद मागता आली असती, हे आपण क्रमाने सांगितले तर पदावर असलेल्या चार जणी सावध होतील.

आयोजक भगिनींनाही विनंती आहे की निमंत्रणात ‘मुदत पूर्ण केलेल्या’ अशी अट कोठेही घालू नये. तिसऱ्या अपत्यामुळे ज्यांचे पद गेले, जातीच्या दाखल्यावरून ज्या अपात्र ठरल्या, ज्यांनी घरच्या दबावाने राजीनामा दिला, त्या सगळ्यांना निरोप जाऊ द्या.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकवतो. मेळाव्याला आर्थिक मदत मागायला काही जणी आल्या होत्या. मी प्रामाणिकपणे विचारतो : आरक्षण नसते तर यांतील बहुतेक जणी निवडून आल्या नसत्या. मग त्यांना ‘नेत्या’ म्हणून एकत्र आणण्यात काय अर्थ आहे?

उत्तर : आपण प्रामाणिकपणे विचारले आहे, तेव्हा तसेच उत्तर देते. आरक्षण नसते तर बहुतेक जणी निवडून आल्या नसत्या, हे बरोबर आहे. यावरून त्यांची पात्रता ठरत नाही. दार किती घट्ट लावलेले होते एवढेच ठरते. शेतकरी संघटनेने 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवडला स्त्रियांचे अधिवेशन भरवले, तेव्हा खेड्यापाड्यांतून प्रचंड संख्येने शेतकरी स्त्रिया आल्या होत्या. त्यानंतर 1989 मध्ये जळगाव जिल्ह्यातील विटनेर येथे ग्रामपंचायतीवर सगळ्या स्त्रियांचे पॅनेल निवडून आले. 73वी घटनादुरुस्ती त्या वेळी व्हायची होती. म्हणजे कारभार करण्याची इच्छा आणि ताकद आधीपासून होती.

काम वेगळे होते का, याचाही अभ्यास झालेला आहे. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर ड्युफ्लो यांनी पश्चिम बंगालमधील बीरभूम आणि राजस्थानमधील उदयपूर जिल्ह्यांतील पंचायतींची पाहणी करून 2004 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रमुखपद स्त्रियांसाठी राखीव आहे की नाही, हे तेथे ठरलेल्या क्रमाने वा सोडतीसारख्या पद्धतीने ठरत असल्यामुळे दोन्ही प्रकारच्या पंचायतींची तुलना करता आली. दोन्ही जिल्ह्यांत स्त्रिया प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर अधिक काम केल्याचे दिसले, आणि गावातील स्त्रियांची मागणीही मुख्यतः तीच होती. डोक्यावर हंडा घेऊन चालणारी बाई निर्णयाच्या जागी आली की पाण्याचा विषय यादीत वर सरकतो, हे आपल्या तालुक्यातील कोणत्याही जुन्या टंचाईग्रस्त गावात जाऊन आपण स्वतः तपासू शकता. मदत जरूर द्यावी. शक्य असेल तर आपल्या विद्यार्थ्यांना वहीसाठी माहिती लिहून घ्यायला पाठवावे. पैशापेक्षा त्याची गरज मोठी आहे.

प्रश्न : मेळाव्याच्या शेवटी हळदीकुंकू ठेवावे, असे आमच्यापैकी काहींचे म्हणणे आहे. आमच्यात तीन माजी सरपंच विधवा आहेत. त्या म्हणतात, ‘तुम्ही करा, आम्ही आधी निघू.’ परंपरा मोडायची नाही आणि त्यांना दुखवायचेही नाही. मार्ग सुचवावा.

उत्तर : ज्या मेळाव्यातून तीन माजी सरपंचांना आधी निघावे लागते, तेथे हळदीकुंकू नको. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 4 मे 2022 रोजी पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे असे कळवले. एका ग्रामपंचायतीच्या ठरावाने शासन हलले, ही गोष्ट सरपंचांच्या मेळाव्यात अभिमानाने सांगण्यासारखी आहे. ती सांगून लगेच त्याच सभागृहात काही जणींना बाजूला कसे काढता येईल?

मार्ग दोन आहेत. एक, समारंभ ठेवायचा नाही. तिळगूळ, फुले किंवा रोप द्यायचे. दुसरा, हळदीकुंकू ठेवायचे आणि पहिला मान त्या तिघींना द्यायचा. दुसरा मार्ग अधिक चांगला वाटतो, परंतु तो त्यांना आधी विचारून आणि त्यांची मनापासून तयारी असेल तरच स्वीकारावा. सर्वांसमोर अचानक पुढे बोलावून त्यांना अवघडून टाकू नये. त्यांच्यातील एकीनेही नको म्हटले तर रोप द्यावे.

प्रश्न : मेळाव्याचा खर्च ग्रामपंचायतींच्या महिला व बालकल्याणाच्या निधीतून करता येईल का? आणि एकमेकींविरुद्ध निवडणूक लढलेल्या, वेगवेगळ्या पक्षांच्या स्त्रियांना एकत्र कसे बसवावे?

उत्तर : ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी असते. ती गावातील मुली, स्त्रिया व बालकांसाठी ठरवून दिलेल्या बाबींवरच खर्च झाली पाहिजे. सरपंचांच्या भेटीगाठींसाठी तिला हात लावू नका. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर आजी सरपंचांनाच उत्तर द्यावे लागेल. प्रत्येकीने वर्गणी काढावी, शिधा गावोगावून यावा, आणि बचत गटाला जेवणाचे काम द्यावे. आमदार किंवा कारखान्याच्या अध्यक्षांकडून मंडप घेतला की त्यांचा फलक येतो, आणि फलक आला की दुसऱ्या पक्षाच्या बायका येत नाहीत. आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर अशा रीतीने एकच आहे.

गोलात बसवताना प्रतिस्पर्धी स्त्रियांना मुद्दाम वेगळे करू नका. पाण्याच्या विषयावर दोघींचे मत बहुधा सारखेच निघते.

प्रश्न : आमचा बीड जिल्हा. जानेवारीत सावित्रीबाईंच्या जयंतीला मेळावा घ्यावा की 24 एप्रिलला, यावर आमच्यात मतभेद आहेत. आपले मत काय?

उत्तर : सावित्रीबाईंची जयंती 3 जानेवारीला असते आणि त्या दिवसाचे महत्त्व मी सांगायला नको. मात्र आपल्या भागातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि गाळप हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांत आज सदस्य असलेल्या किंवा पूर्वी सरपंच राहिलेल्या स्त्रियाही असतात, आणि त्यांच्याशिवाय बीडचा मेळावा अपुराच होईल. 24 एप्रिल हा राष्ट्रीय पंचायती राज दिन आहे, त्या सुमारास बहुतेक जणी गावी परतलेल्या असतात. लग्नाची तिथी तेवढी पाहून घ्या आणि जुळत नसेल तर एक-दोन दिवस मागेपुढे करा. ऊन फार असेल, म्हणून मंडपाऐवजी शाळेचा किंवा मंगल कार्यालयाचा हॉल घ्या, पिण्याच्या पाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाहा, लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांसाठी एक खोली राखून ठेवा. कार्यक्रम सकाळी नऊला सुरू करून दुपारी साडेतीनला संपवा, म्हणजे लांबच्या तांड्यांवरच्या आणि वस्त्यांवरच्या भगिनींना चारची एसटी मिळेल.